नारिंगी दगडफुलांची नावं एवढी का बदलली? (टेलोशिस्टेसी कुल)

भिंगवाली

दगडफुलांच्या नमुन्यांची जुनी पाकिटं आवरायला काढली आणि दोन दिवस त्यातच गेले. एका खोक्यात ४३ पाकिटं निघाली. सगळ्यांवर माझ्याच अक्षरात एकच शब्द, कॅलोप्लाका. जाती मोजक्याच ठिकाणी लिहिलेली. तेव्हा वाटायचं, प्रजाती तरी बरोबर आहे ना, जातीचं नंतर पाहू. आता नवी यादी शेजारी ठेवून बसले तर त्यातली बरीचशी पाकिटं कॅलोप्लाकात राहतच नाहीत. म्हणजे जे पक्कं समजत होते तेच हललं. म्हणून हा धागा काढतेय. मला जेवढं उमगलंय ते लिहिते, जाणकारांनी भर घालावी आणि चुकत असेन तिथे दुरुस्त करावं.

आधी शब्दांचं ठरवू या, नाहीतर पुढे गोंधळ होतो. जीनसला मी प्रजाती म्हणतेय आणि स्पीशीजला जाती. बोलताना अनेकजण प्रजाती म्हणजे स्पीशीज धरतात, या धाग्यापुरतं तसं नको. फॅमिलीला कुल, ऑर्डरला गण. दगडफुलाच्या अख्ख्या शरीराला कायक.

टेलोशिस्टेसी हे कुल ओळखायला सर्वात सोपं, असं आपण नवख्यांना सांगतो. पिवळी, नारिंगी, कधी तांबूस दगडफुलं. खडकावर, सालीवर, कौलावर, भिंतीवर. कुलाचं नाव झालब्रुकनर या अभ्यासकाने १८९८ मध्ये दिलं. त्याच्या वरचा टेलोशिस्टेलीस हा गण मात्र पुष्कळ उशिरा, १९८६ मध्ये औपचारिकपणे मांडला गेला.

कुलाच्या आतली विभागणी कित्येक पिढ्या एकाच गोष्टीवर उभी होती, ती म्हणजे कायकाचा आकार. दगडाला खपलीसारखं घट्ट चिकटलेलं असेल तर कॅलोप्लाका. पानासारखे खंड असतील, कडा सुरीने उचलता येत असतील तर झँथोरिया. झुडपासारखं फांद्या फुटलेलं असेल तर टेलोशिस्टीस. यातली कॅलोप्लाका आणि झँथोरिया ही दोन्ही नावं प्रजाती म्हणून एकाच माणसाने, थिओडोर फ्रीसने, एकाच पुस्तकात, १८६० मध्ये मांडली. म्हणजे खपली आणि पान यांच्यातली रेघ पहिल्यापासूनच आखलेली होती. झालब्रुकनर तर आणखी पुढे गेला, त्याने खपलीवाल्यांचं कुलच वेगळं काढलं होतं.

ही रेघ निसर्गात त्या जागी नाही, एवढंच मला या धाग्यात म्हणायचंय. बाकी सगळी नावांची उलथापालथ त्यातून आलेली आहे.


नवशिका

ताई, धागा वाचतोय. अगदी पायाचा प्रश्न विचारतो, राग मानू नका. दगडफूल म्हणजे बुरशी आणि शैवल दोघं मिळून, असं शिकलो. मग वर्गीकरण नेमकं कोणाचं करतात? दोघांचं मिळून एक कुल कसं असेल?


जुनीवही

नवशिका, प्रश्न अगदी योग्य जागी विचारलात. दगडफुलाचं नाव हे त्यातल्या बुरशीचं नाव असतं. नामकरणाच्या नियमातच तसं आहे: दगडफुलाला दिलेलं नाव त्यातल्या कवकाला, म्हणजे बुरशीला, लागू होतं. शैवलाचं नाव आणि वर्गीकरण वेगळं. टेलोशिस्टेसीत बुरशीचा जोडीदार बहुतेक वेळा ट्रेबॉक्सिया किंवा तिच्या नात्यातलं हिरवं शैवल असतं. तेच शैवल इतर कुलांतल्या दगडफुलांतही सापडतं, म्हणून शैवल पाहून कुल ठरवता येत नाही.

थोडा इतिहास जोडतो. लिनीअसने १७५३ मध्ये जवळजवळ सगळी दगडफुलं लायकेन या एकाच प्रजातीत घातली होती. भिंतीवरचं ते प्रसिद्ध पिवळं दगडफूल, आजचं झँथोरिया पॅरिएटिना, त्याच्या पुस्तकात लायकेन पॅरिएटिनस म्हणून आहे. त्यानंतर आकारियसने १८०३ आणि १८१० च्या ग्रंथांतून या ढिगाची खरी फोड करायला सुरुवात केली. पण हे दोन जीव एकत्र राहतात हेच मुळी श्वेंडेनरने १८६० च्या दशकाच्या शेवटी मांडलं, आणि ते पचायला अनेकांना पुष्कळ वर्षं लागली. म्हणजे फ्रीसने १८६० ला कॅलोप्लाका आणि झँथोरिया केल्या तेव्हा आपण एका बुरशीचं वर्गीकरण करतोय हे त्याला ठाऊक असण्याचं कारणच नव्हतं. त्याच्या डोळ्यांपुढे एक वनस्पती होती, आणि वनस्पतीची ठेवण पाहणं तेव्हा स्वाभाविक होतं.


नवशिका

धन्यवाद, आता कळलं. मग सगळी नारिंगी दगडफुलं याच कुलातली का?


अनघड

नाही, आणि इथेच बहुतेकांची पहिली चूक होते. माझीही झाली होती. कँडेलारिया नावाचं पिवळं, बारीक खंडांचं दगडफूल सालीवर असतं. दुरून छोट्या झँथोरियासारखंच दिसतं. पूर्वी त्याला टेलोशिस्टेसीच्या जवळ बसवतही असत. पण त्याचा पिवळेपणा पल्व्हिनिक आम्लाच्या गटातल्या द्रव्यांचा आहे. टेलोशिस्टेसीचा नारिंगी रंग अँथ्राक्विनोन गटाचा. आता कँडेलारियाच्या मंडळींना कवकांच्या वर्गीकरणात स्वतंत्र वर्ग दिलाय. गण किंवा कुल नव्हे, त्याही वरची पायरी. दोघं एकमेकांपासून एवढे लांबचे.

फरक पाहायचा असेल तर कॉस्टिक पोटॅशचं दहा टक्के द्रावण घ्या. दगडफुलांच्या पुस्तकांत त्याला नुसतं 'के' म्हणतात. बारीक काचेच्या नळीने एकच थेंब, मोठा नको, भोवतालचं सगळं खराब होतं. नारिंगी खंडाच्या टोकावर थेंब ठेवला की आधी क्षणभर काहीच होत नाही, मग कडेने जांभळा-किरमिजी रंग उमटतो आणि बघता बघता अख्खा थेंब दाट वाइनसारखा होतो. एकदा पाहिलं की विसरत नाही. कँडेलारियावर तोच थेंब ठेवा, पिवळा पिवळाच राहतो, फार तर किंचित लालसर झाक. हातमोजे आणि चष्मा घालून करा, द्रावण कातडी भाजतं.

ही रासायनिक चाचणी नवी नाही. नीलँडरने १८६६ मध्ये के आणि ब्लीचिंग पावडर यांचा वापर दगडफुलं ओळखण्यासाठी सुरू केला. आजही बाहेर फिरताना खिशात तीच बाटली असते.


काळाकातळ

अनघड यांचं वर्णन आवडलं. एक पुस्ती: के चाचणी 'नाही' आली म्हणून टेलोशिस्टेसी नाही, असा उलटा निष्कर्ष काढू नये. या कुलात राखाडी कायकाची दगडफुलं आहेत. कॅलोप्लाका सेरिना पाहा, कायक राखाडी, फक्त बीजाणूंच्या वाट्या नारिंगी-पिवळ्या. राखाडी भागावर थेंब टाकाल तर जांभळं होणार नाही, वाटीवर टाकाल तर होईल. आणि नेमकी हीच सेरिना कॅलोप्लाका या प्रजातीची आदर्श जाती आहे, म्हणजे कॅलोप्लाका हे नाव तिच्याबरोबर जातं. नारिंगी रंगासाठी ओळखल्या जाणाऱ्या प्रजातीचं नाव एका राखाडी कायकाशी बांधलेलं आहे.

आता माझा आक्षेप. मी गेली बरीच वर्षं खपलीची दगडफुलं जमवतोय. नव्या प्रजाती केल्या, ठीक. पण त्या हातात धरून ओळखता येत नसतील तर माझ्यासारख्याने काय करायचं? फ्लावोप्लाका, कॅलोगाया, आथॅलिया, व्हेरिओस्पोरा, रुफोप्लाका... भिंगाखाली शेजारी शेजारी ठेवल्या तर कित्येकदा मला तरी सांगता येत नाही कोणती कुठली. कॅलोप्लाका म्हटलं की निदान ऐकणाऱ्याला कळायचं, खपलीची, नारिंगी वाटीची. तो शब्द कामाचा होता. मी अजूनही 'कॅलोप्लाका, व्यापक अर्थाने' असंच लिहितो.


भिंगवाली

काळाकातळ दादा, तुमचा आक्षेप मला मनापासून पटतो, आणि तरीही मी नव्या बाजूची आहे. का ते नीट सांगते.

कुलाचा खरा सांगाडा बाहेर नाही, वाटीच्या आत आहे. वाटीचा पातळ काप घेतला, पाण्यात ठेवला आणि मोठ्या भिंगाने पाहिलं की पिशव्या दिसतात, प्रत्येकीत साधारण आठ बीजाणू. या कुलाचा बीजाणू बाहेरून लांबट गोल. आत मात्र मधली भिंत इतकी जाड की दोन्ही टोकांना एकेक खोली उरते आणि भिंतीतून जाणारी बारीक गल्ली त्या दोघींना जोडते. आतली पोकळी डमरूसारखी दिसते. झँथोरिया पॅरिएटिनाचा बीजाणू साधारण १२ ते १६ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) लांब, त्यात जवळपास मधला अर्धा भाग भिंतच. खपली असो, पान असो, झुडूप असो, बीजाणू पुन्हा पुन्हा हाच. पिशवीचं टोकही तसंच: आयोडीन घातलं की बाहेरची टोपी निळी होते, आतल्या जाड भागात ठळक रचना दिसत नाही. कुल एक आहे ही गोष्ट याने पक्की होते. पण नेमकं त्यामुळेच प्रश्न पडतो, की बीजाणू इतका सारखा असताना आकारावरून पाडलेल्या प्रजाती कितपत खऱ्या?

डीएनए पाहिल्यावर उत्तर मिळालं. २००३ मध्ये सोख्टिंग आणि लुत्झोनी यांनी कॅलोप्लाका आणि झँथोरिया यांच्या सीमेवरच बोट ठेवलं आणि ती सीमा तिथे नाही असं दिसलं. पानासारख्या कायकांच्या शाखा खपल्यांच्या शाखांमधूनच फुटलेल्या. झुडपासारखे आकारही एकदाच नाही, वेगवेगळ्या ठिकाणी. म्हणजे एका कॅलोप्लाकाची सख्खी बहीण दुसरी कॅलोप्लाका नसून एखादी झँथोरिया असते. अशा वेळी कॅलोप्लाका हा शब्द 'ज्यांनी पान किंवा झुडूप केलं नाही ते उरलेले सगळे' एवढाच अर्थ सांगतो.

तुम्ही म्हणाल, मग सगळ्यांना एकाच प्रजातीत घालायचं. तेही करता आलं असतं. पण मग टेलोशिस्टीस आणि झँथोरियाही त्यातच आल्या असत्या, आणि टेलोशिस्टीस हे नाव कॅलोप्लाकापेक्षा जुनं. अग्रक्रमाचा नियम लावला तर तुमचं लाडकं कॅलोप्लाकाच गेलं असतं. आणि शेकड्यांनी जाती असलेली एकच प्रजाती हातात उरली असती, जिच्यात झुडूपही आहे आणि खपलीही. तिचा मैदानात उपयोग आणखी कमी.


काळाकातळ

हे एकत्र घालण्याचं अंग माझ्या लक्षात आलं नव्हतं. विचार करतो. पण हातात न ओळखता येण्याचा मुद्दा सोडत नाही मी.


सूचिपर्ण

२०१३ च्या कामाबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. उल्फ आरुप, उल्रिक सोख्टिंग आणि पॅट्रिक फ्रोडेन यांनी त्या वर्षी कुलाची पूर्ण नवी मांडणी केली. तीन जनुकीय तुकडे वापरले: केंद्रकातले आयटीएस नावाचा तुकडा आणि रायबोसोमच्या मोठ्या उपएककाचा तुकडा, आणि मायटोकाँड्रियातला लहान उपएककाचा. त्यातून तीन उपकुलं नीट उभी राहिली, कॅलोप्लाकॉइडी, टेलोशिस्टॉइडी आणि झँथोरिऑइडी. एका फटक्यात तीसच्या आसपास नव्या प्रजाती आल्या आणि काही जुनी, अडगळीत पडलेली नावं परत वापरात आली. ब्लास्टेनिया आणि ग्यालोलेकिया ही दोन मास्सालोंगोने १८५२ मध्ये केलेली नावं. दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी त्याने जे वेगळेपण पाहिलं होतं त्यातलं काही खरंच होतं. जुन्या माणसांनी सूक्ष्मदर्शकाखाली किती बारकाईने पाहिलं होतं, हे अशा वेळी जाणवतं आणि फार बरं वाटतं.

नावांचे अर्थ लक्षात ठेवायला मदत करतात. कॅलोप्लाका म्हणजे सुंदर पाटी. फ्लावोप्लाका, पिवळी पाटी. आथॅलिया म्हणजे कायक नसलेली, कारण तिच्यातल्या अनेक जातींत कायक जवळजवळ दिसतच नाही, सालीवर किंवा दगडावर नुसत्या वाट्या. कॅलोगाया हे एस्तेर गाया या संशोधिकेच्या नावावरून. टेलोशिस्टेलीसवरचं त्यांचं २०१२ चं मोठं काम या सगळ्या मांडणीचा एक आधार आहे.

काळाकातळ यांच्या मुद्द्याला धरून सांगते. हातात न ओळखता येणं हे सर्वच नव्या प्रजातींना लागू नाही. झँथोमेंडोझा १९९७ मध्ये झँथोरियातून वेगळी काढली ती डीएनएवरून नव्हेच. तिच्या खालच्या बाजूला मुळांसारखे खरे धागे असतात आणि तिचे कोनिडिया, म्हणजे लैंगिक क्रियेशिवाय होणारे बारीक कण, काडीसारखे असतात. पॅरिएटिनाचे लांबट गोल. पान उलटून पाहिलं तर पहिला फरक भिंगानेही दिसतो. नंतर डीएनएनेही त्यांना वेगळंच ठेवलं. म्हणजे लक्षणं असतात, फक्त आपण ज्या बाजूला पाहत होतो तिथे नसतात.


रानवाटा

छान चाललंय, मध्येच माझा आवडता भाग घुसवतो, रंगाचा.

अँथ्राक्विनोन म्हणजे एकच द्रव्य नाही. पॅरिएटिन मुख्य, त्याबरोबर एमोडिन, फॅलासिनल, टेलोशिस्टिन, पॅरिएटिनिक आम्ल अशी मंडळी वेगवेगळ्या प्रमाणात असतात. सोख्टिंगने १९९७ मध्ये दाखवलं की ही प्रमाणं ठरावीक साच्यांत येतात. म्हणून काही गट ओळखायला रसायनांचा साचाही उपयोगी पडतो. डोळ्यांना सगळं नारिंगीच दिसतं, पण प्रयोगशाळेत ते वेगळं निघतं.

हा रंग करतो काय? वरच्या थरात बसून तीव्र निळा आणि अतिनील प्रकाश अडवतो, खालच्या शैवलाला झाकतो. म्हणूनच सावलीतली पॅरिएटिना हिरवट-राखाडी असते आणि तिचीच उन्हातली बहीण झगझगीत नारिंगी. एकाच दगडावर दोन बाजूंना हा फरक दिसतो. नवशिका यांनी हे स्वतः पाहावं, कारण 'रंग वेगळा म्हणजे जाती वेगळी' ही सवय त्यानेच मोडते.

२०१५ मध्ये गाया आणि सहकाऱ्यांनी एक सुंदर मांडणी केली. या कुलाचा विस्तार सालीवरून उघड्या खडकावर जाण्याशी आणि या ऊन झेलणाऱ्या रंगाशी जोडलेला आहे. खडक उघडा, ऊन थेट, आणि ते सोसायला लागणारं द्रव्य या कुलाकडे होतं. मग तिथे फांद्या फुटत गेल्या. वर्गीकरणाचं झाड असं वाचायला लागलो की ती नुसती नावांची यादी राहत नाही. मला तर या शोधनिबंधाने वेड लावलं होतं, आठवडाभर दुसरं काही वाचलं नाही.


अनघड

रानवाटा, याच कुलातल्या रुसाव्स्किया एलेगान्सचं राहिलं की! ऊन झेलण्याची गोष्ट निघाली म्हणून आठवलं. तिला २००५ मध्ये फोटॉन-एम२ यानातून अंतराळात नेऊन साधारण दोन आठवडे उघड्यावर ठेवलं होतं, नकाशा दगडफूल नावाच्या दुसऱ्या एका जातीबरोबर. परत आणल्यावर जिवंत. पुढे २००८-०९ मध्ये अंतराळ स्थानकाबाहेर तब्बल दीड वर्ष. तिथूनही परतल्यावर तिच्यात जीव होता, प्रकाशसंश्लेषण चालू झालं.

आणि धाग्याशी थेट संबंध असा: त्या प्रयोगांच्या लिखाणात तिचं नाव झँथोरिया एलेगान्स आहे. रुसाव्स्किया २००३ मध्येच वेगळी झाली होती, पण नाव रुळायला वेळ लागतो. आज कोणी फक्त रुसाव्स्किया शोधलं तर ही सगळी माहिती हाती येणारच नाही. त्यामुळे टिपण करताना जुनं नाव सोबत लिहिणं मला फार गरजेचं वाटतं.


सूचिपर्ण

+१, अगदी. आणि आता दुसऱ्या बाजूची काळजीही सांगते, कारण डीएनए म्हणजे ब्रह्मवाक्य असं कोणाला वाटू नये.

दगडफुलाचा तुकडा म्हणजे एक अख्खी वस्ती. मुख्य बुरशी, शैवल, वर परजीवी बुरश्या, शेजारच्या दगडफुलाचा एखादा कण. आपण चिमटीने वाटी काढतो आणि समजतो की एकाच जीवाचा डीएनए निघाला. बरेचदा निघतो. कधी शेजाऱ्याचा निघतो. त्याहून वाईट म्हणजे, एका नमुन्याच्या नावावर तीन तुकडे जोडले आणि त्यातला एक दुसऱ्याच जीवाचा असला तर झाडावर अशी फांदी दिसते जी निसर्गात नाहीच. या कुलात हे प्रत्यक्ष घडलंय. तीन उपकुलांखेरीज ब्राउनलिएलॉइडी नावाचं चौथं उपकुल मांडलं गेलं होतं. नंतर तपासलं तेव्हा ते अशा वेगवेगळ्या जीवांचे क्रम एकत्र शिवले गेल्यामुळे उठलेला भास ठरला आणि बाद झालं.

म्हणून नवी प्रजाती आली की मी पाहते, किती नमुन्यांवर उभी आहे, किती तुकडे वापरलेत, आणि मूळ पाकीट कुठल्या संग्रहात ठेवलंय. पाकीट असेल तर उद्या कोणीही उघडून पुन्हा पाहू शकतं. एकाच नमुन्यावर, एकाच तुकड्यावर उभी असेल तर मी थांबते. गेल्या दहा-बारा वर्षांत या कुलात इतक्या प्रजाती मांडल्या गेल्यात की सगळ्या टिकतील असं मला वाटत नाही. काही एकमेकींत परत मिसळतील.


काळाकातळ

सूचिपर्ण ताई, हेच तर मी म्हणत होतो! मग घाई कशाला?


सूचिपर्ण

घाई नको, पण परत मागेही नको. चौथं उपकुल गेलं तरी पहिली तीन उभीच आहेत, त्यांना वेगवेगळ्या लोकांच्या वेगवेगळ्या नमुन्यांनी आधार दिलाय. कॅलोप्लाका एकसंध नाही हे तर पंधरा-वीस वर्षांत कोणी खोडलेलं नाही. कुठली छोटी प्रजाती टिकते यावर वाद होऊ शकतो, जुनी मोठी प्रजाती परत येईल का यावर आता फारसा वाद उरलेला नाही.


नवशिका

एक विचारू? शेजारच्या कुलांचं काय? फिशिया नावाचं राखाडी दगडफूल मी पाहिलंय, कुठेतरी वाचलं की तेही याच गणातलं.


जुनीवही

वाचलंत ते एकेकाळी बरोबर होतं. फिशिएसी आणि कॅलिसिएसी ही कुलं बराच काळ टेलोशिस्टेलीसमध्ये धरली जात. आता त्यांचा कॅलिसिएलीस हा वेगळा गण मानतात. नातं जवळचंच आहे, दोन्ही गण शेजारी शेजारी फुटलेले. टेलोशिस्टेलीसमध्ये आता टेलोशिस्टेसीबरोबर मेगॅलोस्पोरेसी, लेट्रुइटिएसी आणि ब्रिगँटिएसी अशी लहान कुलं आहेत. लेट्रुइटियाच्या वाट्यांवरही थेंब टाका, जांभळा येतो. म्हणजे अँथ्राक्विनोन हा टेलोशिस्टेसीचाच मक्ता आहे असंही नाही.

मोठ्या चित्राचा अंदाज यावा म्हणून एक आकडा. दगडफुलं करणाऱ्या सगळ्या कवकांची जी यादी २०१६ च्या वर्गीकरणात केली, तिच्यात ९९५ प्रजाती आणि १९,०००हून अधिक जाती होत्या. त्यात टेलोशिस्टेसी हे मोठ्या कुलांपैकी एक.


भिंगवाली

दोन दिवस गप्प होते कारण पाकिटं उघडत होते. सगळ्यांचे प्रतिसाद वाचले, मनापासून आभार.

एका पाकिटाचं सविस्तर सांगते. आत खडकाचा अंगठ्याएवढा कपचा, त्यावर पिवळसर नारिंगी खपली, कडेला ठळक लांबट खंड, मधोमध दाटीने वाट्या. पाकिटावर 'कॅलोप्लाका'. बस. कोणत्या प्रकारचा खडक, चुनखडी की दुसरा, लिहिलं नाही. ऊन होतं की सावली, लिहिलं नाही. दगड अजून तिथे असल्यामुळे निदान आम्लाचा थेंब टाकून पाहता आला. बुडबुडे आले, म्हणजे चुनखडीचा. मग वाटीचा काप घेतला. पहिले तीन काप जाड झाले, फेकले. चौथ्यात पिशव्या दिसल्या. बीजाणू बघून मी खुर्चीतून उठलेच: साधा लांबट गोल नव्हता, मध्ये फुगलेला, लिंबासारखा, दोन्ही टोकांना निमुळता. दहा बीजाणू मोजले, दहाही तसेच. खंडांचा आकार, चुनखडी आणि हा बीजाणू, तिन्ही मिळून ती व्हेरिओस्पोरा निघाली, बहुधा ऑरँशिया. व्हेरिओस्पोरा या नावातच बीजाणूंची विविधता आहे. हे लक्षण डीएनएशिवाय, एका ब्लेडने आणि पाण्याच्या थेंबाने दिसलं, दादा. एवढी वर्षं ते पाकिटात होतं आणि मी उघडून पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या सहा पाकिटांचं मात्र काहीच ठरलं नाही. त्यात फ्लावोप्लाका असेल, कॅलोगाया असेल, मला सांगता आलं नाही. तिथे काळाकातळ दादांचंच बरोबर ठरलं, 'कॅलोप्लाका, व्यापक अर्थाने' हेच प्रामाणिक आहे.

मी आता पाकिटांवर असं लिहायला घेतलंय: वर आजचं नाव, खाली कंसात जुनं, मग खडक की साल, ऊन की सावली, के चाचणी कायकावर आणि वाटीवर वेगवेगळी, बीजाणूंची मापं, आणि नाव कशावरून ठरवलं ते. नाव उद्या पुन्हा बदललं तर वरची ओळ खोडता येईल, खालच्या तशाच राहतील.


काळाकातळ

लिंबासारखा बीजाणू! फोटो टाका की. आणि ती सहा पाकिटं मला चालतील बघायला, माझ्याकडे कॅलोगाया सॅक्सिकोलाचे काही पक्के ठरवलेले नमुने आहेत, त्यांच्या शेजारी ठेवून पाहू. त्यातली दोन-तीन कॅलोगाया निघतील असा माझा अंदाज आहे.


भिंगवाली

टाकते फोटो, सूक्ष्मदर्शकाला मोबाइल धरून काढलेत, थोडे हलले आहेत. पाकिटं नक्की पाठवते. खडकाच्या कपच्यांना कापूस गुंडाळते, मागच्या वेळी वाटेत एका खपलीचा चुरा झाला होता.


नवशिका

मी आज भिंतीवरची पॅरिएटिना शोधली. उन्हाच्या बाजूची नारिंगी, सावलीच्या बाजूची जवळजवळ राखाडी-हिरवी, मध्ये कुठेही तुटलेली नाही, एकच कायक. रानवाटा म्हणाले तसंच. के द्रावण अजून मिळालं नाही, मिळालं की दोन्ही बाजूंवर थेंब टाकून इथे लिहितो.